आठवं अवधान

माझे यजमान अष्टावधानी होते. हा शब्द आता फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगते. एक माणूस मध्ये पाटावर बसायचा आणि आठ जण भोवती बसून त्याला आठ दिशांनी ओढायचे. एक जण श्लोकाचा एक चरण देऊन बाकीचे तीन रचून मागायचा, एक जण बुद्धिबळाचा डाव मांडायचा, एक जण चार आकडी गुणाकार घालायचा. एक जण अनोळखी भाषेतलं वाक्य घेऊन त्यातली अक्षरं उलटसुलट क्रमाने एकेक करून सांगायचा. एक जण जुनी तिथी देऊन तिचा वार विचारायचा, एक जण पाठीवर फुलं मारायचा, ती मोजायची. एक जण नुसत्या वात्रट गप्पा मारून डोकं फिरवायचा, "काय शास्त्रीबुवा, कालची फणसाची भाजी पचली का?" आणि आठवा एक घंटा घेऊन बसायचा आणि मनाला येईल तेव्हा एक टोला द्यायचा. दीड-दोन तास हा धुमाकूळ चालायचा आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं एका दमात द्यायची.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराची. आम्ही रत्नागिरीत राहायचो. यजमान एका शाळेत संस्कृत शिकवायचे आणि वर्षातून चार-पाचदा कुणा वकिलाच्या नाहीतर डॉक्टरच्या ओटीवर त्यांचा प्रयोग व्हायचा. लोक कौतुकाने जमायचे असं म्हणायची रीत आहे, पण डोंबारी दोरावर चढतो तेव्हा खालचे निम्मे कशाची वाट बघत असतात ते मला चांगलं माहीत आहे. राजापूरच्या प्रयोगात यजमानांचे घंटेचे टोले दोनाने चुकले. बाकीची सात उत्तरं चोख होती, पण लोक हसले ते त्या दोन टोल्यांना. घरी येऊन दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अगो, तुला शंभरापर्यंत आकडे येतात ना?"

मला हजारापर्यंत येत होते. हेदवीला माहेरी आईने मला सुपातले तांदूळ निवडता निवडता शिकवले होते. वडील मी चार वर्षांची असताना गेले. आई काकांच्या घरात राबून राहिली आणि तिला मी एकटीच. लग्नात माझी पाठवणी करताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बोलावीन तेव्हा ये हो." पुढच्या नऊ वर्षांत तिने कधी बोलावलं नाही. लेकीच्या घरी आपली अडचण नको, असल्या विचारांची बाई.

माझी शिकवणी स्वयंपाकघरातच झाली. सासूबाई देवघरातली घंटा घेऊन उंबऱ्यात बसायच्या. मधूनच एक टोला द्यायच्या आणि मधल्या वेळात विचारत सुटायच्या, "मीठ घातलंस काय गो? गाईला पाणी दाखवलंस? दुधाकडे लक्ष आहे ना?" मी चुलीपुढे. आकडा चुकला की त्या वेळी मला फक्त पेज. आकडा बरोबर आला पण दूध उतू गेलं, तर दुधासाठी बोलणी. दोन्ही साधलं तर कुणी काही बोलायचं नाही, हीच शाबासकी. यजमान म्हणायचे, शिक्षेशिवाय अवधान येत नाही. ते स्वतः लहानपणी म्हणे छड्या खाऊन शिकले होते. शाळेत मुलांवरही त्यांचा हाच प्रयोग चालायचा.

मी माझी युक्ती काढली. डाव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, जपाला मोजतात तशी. दहा झाले की मनगटावरची एक बांगडी कोपराकडे सरकवायची. उजवा हात कामाला मोकळा. काही महिन्यांत अशी वेळ आली की मी भाकरी थापायची सोडून बाकी काहीही करताना मोजू शकायची. एकदा माझी मुलगी, तेव्हा वर्षाची होती, रांगत चुलीशी आली आणि तिने तापल्या तव्याला हात लावला. तिची किंकाळी ऐकून मी वळले, तिला उचललं, आणि माझ्या तोंडून निघालं, "तेवीस." तेविसावा टोला नेमका तेव्हाच पडला होता. सासूबाईंनी घंटा खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता तयार झालीस हो." मला त्यांचा राग आला नाही. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण पोर कडेवर कळवळत होती आणि मला बरं वाटलं. तिच्या डाव्या तळव्यावर अजून पांढरा डाग आहे.

आकडा पोचवायची सोय यजमानांनी केली. प्रयोग असला की मी त्या घरी बायकांच्या मदतीला म्हणून आधीच जायची. शेवटच्या उत्तरांआधी ते घसा धरल्यासारखं करून म्हणायचे, "जरा लवंग." मग मी आतून तबक पाठवायची. तबकातल्या सुपाऱ्या म्हणजे दशक, लवंगा म्हणजे एकक. तीन सुपाऱ्या आणि पाच लवंगा गेल्या की घंटा पस्तीस. गावात थट्टा व्हायची, की शास्त्रीबुवांना बायकोच्या हातची लवंग लागते. ही लबाडी होती हे मला ठाऊक होतं, पण लबाडीची गोडी काही कमी नसते. पंचवीस माणसांचे पोहे परतत, वकिलीणबाईंच्या दागिन्यांच्या गप्पांना हुंकार देत मी मोजायची. बाहेरून यजमानांच्या तोंडून माझा आकडा आला आणि घंटावाल्याने "बरोबर!" म्हटलं की वाटायचं, त्या आठांतलं एक माझं. कुणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच. दोन वर्षं माझा आकडा एकदाही चुकला नाही.

तो दिवस फाल्गुनातला. वकिलांकडे दुपारी तीनला प्रयोग होता आणि मुंबईचे एक बडे शेट मुद्दाम बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर गिरगावात प्रयोग लावू, असं त्यांनी कळवलं होतं. यजमान आठ दिवस नीट जेवले नव्हते. त्या सकाळी मी परसात रहाटावर पाणी काढत होते. यजमान मागच्या दाराने तिथे आले. एरवी ते परसात पाऊल टाकायचे नाहीत. म्हणाले, "पुरे आता. हात दुखतील. आज हातांना जप." मी बघतच राहिले. दुपारी पानावर बसल्यावर सासूबाईंना म्हणाले, "आज हिला कशावरून बोलू नकोस." आणि निघताना मला विचारलं, "जेवलीस ना पोटभर?" नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी अगदी हरखून गेले. नवऱ्याने दोन शब्द गोड बोलावे आणि बायकोने त्यावर दिवसभर तरंगावं, इतकी मी मूर्ख होते.

त्या दिवशी टोले पडले सत्तावन्न. पाच सुपाऱ्या, सात लवंगा. यजमानांनी आठही उत्तरं दिली, शेट उठून उभे राहिले आणि त्यांनी यजमानांना शाल घातली. मी दाराच्या फटीतून बघत होते. माझी छाती भरून आली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, पोह्यांचं पातेलं घासायचं पडलं होतं, आणि मी मनातल्या मनात सत्तावन्न, सत्तावन्न असं घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे यजमान म्हणाले, "हेदवीहून निरोप आहे. तुझ्या आईला बरं नाही. सकाळच्या बोटीने निघू, मी येतो सोबत." आई निरोप पाठवते म्हणजे साधं दुखणं नाही, हे मला लगेच कळलं. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं. बोटीने जयगडला उतरलो, तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, पुढे बैलगाडी. वाटेत मी एकच देवाला सांगत होते, मी पोचेपर्यंत तिला ठेव. दुपारी काकांच्या अंगणात पाय ठेवला तर पडवीतले पुरुष डोकी भिजवून बसले होते. सकाळीच नेली होती तिला. आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली.

काकू मला जवळ घेऊन रडली आणि मग सांगायला लागली. काकूला सांगायची हौस फार. आईची शुद्ध शेवटपर्यंत होती. गाडीचा, कुत्र्याचा, कशाचाही आवाज झाला की ती विचारायची, "आली काय?" दुपारी बोटीची वेळ उलटून गेली तरी विचारत होती. तिन्हीसांजेला काकूने खोटंच सांगितलं, "आली हो, पाय धुतेय." मग ती शांत झाली. मी म्हटलं, "अगो पण निरोप तर आज पहाटे मिळाला आम्हांला." काकूने मागच्या अंगणाकडे बघितलं.

काकांचा गडी मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. मी त्याच्याकडे गेले. तो मला बघून उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "ताई, तुमी काल का नाय आलाव? मी काल सकालच्या पारीच आल्लो व्हतो तुमच्याकडं. मालक पायरीवरच भेटले. चा दिलानी, नि बोलले, तू व्हय पुडं, आमी मागनं येताव. तुमी रहाटावर व्हताव, आवाज येत व्हता रहाटाचा."

मी रहाटावर होते. त्या सकाळची बोट दहाला सुटायची. गड्याबरोबर निघाले असते तर दुपारी आईच्या उशाशी असते, आणि तिला तीन तास माझ्याशी बोलता आलं असतं. "हातांना जप" म्हणत यजमान परसात आले ते गडी नाक्यापर्यंत गेला असेल तेव्हा. मी गोठ्याच्या भिंतीला धरून उभी राहिले. पुढच्या पडवीतून यजमानांचा आवाज येत होता. ते काकांना शेटच्या शालीबद्दल हळू आवाजात, सुतकी घराला शोभेल अशा बेताने सांगत होते.

लेकीचं तीन दिवसांचं सुतक तिथेच काढून परत निघालो. बोटीवर मी विचारलं, "गडी आदल्या दिवशी आला होता ना?"

ते खोटं बोलले नाहीत. त्यांना त्याची गरज वाटली नाही. "आला होता," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तुझं लक्ष राहिलं असतं काय घंटेवर? गेलीच असतीस. मग शेटसमोर घंटाही माझ्यावरच पडली असती. आणि म्हातारी काय, तू गेल्याने वाचणार होती थोडीच?"

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला पटलं होतं. मी गेलेच असते. आणि घंटा त्यांना मोजता येत नव्हती, हे राजापूरला सगळ्यांनी बघितलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी मी होते, आणि बुडणारा माणूस काडीला विचारून धरत नाही. अशी मी मनाची समजूत घातली. समजूत घालून राग गेला असं नाही. राग मी लोणच्यासारखा मुरत ठेवला. पावसाळ्यात बोटी बंद, प्रयोग बंद. चार महिने मी घरात कुणाशी जादा बोलले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्गशीर्षात वकिलांकडेच पुन्हा प्रयोग ठरला. शेट परत येणार होते, गिरगावच्या तारखा पक्क्या करायला. यजमानांनी नवं उपरणं काढलं. मी वकिलीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून मोजायला लागले आणि इतक्या काळजीने मी जन्मात मोजलं नसेल. चुकीचा आकडा द्यायचा तर बरोबरचा पक्का हवा, नाहीतर चुकून बरोबर जायचा. टोले पडले एक्केचाळीस. "जरा लवंग," असा आवाज आला. मी तबकात तीन सुपाऱ्या ठेवल्या आणि आठ लवंगा ठेवल्या.

मी फटीला डोळा लावला. यजमानांनी तबकाकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग एक लवंग तोंडात टाकली आणि उत्तरं द्यायला लागले. श्लोक, गुणाकार, वार, फुलं, सगळं घडघड. शेवटी म्हणाले, "घंटा अडतीस."

"एक्केचाळीस!" घंटावाला ओरडला.

सगळी ओटी हसली. गप्पा मारायला बसलेला होता त्याला तर आयतंच कोलीत मिळालं. "बुवा, तीन टोले धोतरात राहिले की काय? झटका जरा!" मागच्या पोरांनी तोंडाने टण्‌टण्‌ करायला सुरुवात केली. शेट गालातल्या गालात हसले आणि वकिलांना म्हणाले, "कळवतो पत्राने." यजमानांच्या कपाळावरचा घाम मला दारातून दिसत होता. मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही, आनंदच झाला. वकिलीणबाईंनी विचारलं, "अगो, तुमचे चुकले वाटतं?" मी म्हटलं, "हो ना," आणि तबक परत आलं त्यातल्या सात लवंगा डबीत भरून ठेवल्या.

घरी आल्यावर ते पाय धुऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले. सासूबाई देवाला दिवा लावायला आत गेल्या होत्या. मी माराची तयारी ठेवली होती. त्यांनी कधी हात उचलला नव्हता, पण त्या दिवशी उचलला असता तर मी हसून घेतला असता.

ते म्हणाले, "एक्केचाळीस होते. मला ठाऊक होतं."

मला वाटलं, लाज झाकायला बोलताहेत. म्हटलं, "ठाऊक होतं तर अडतीस कशाला म्हणालात?"

"तुझा आकडा दोन वर्षांत चुकला नव्हता. माझा आणि तुझा जुळला नाही तर तुझा धरायचा, असं मी ठरवून ठेवलेलं होतं. चूक झाली. आपला धरायला हवा होता." वर्गात फळ्यावरचं उदाहरण दुरुस्त करावं तसं ते बोलत होते. मी मुद्दाम केलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"माझा आकडा म्हणजे?" मी विचारलं. "तुम्हांला कुठे घंटा मोजता येते?"

"येते की. राजापूरनंतर वर्षभर बसून तयारी केली. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून येते. शाळेत मुलांची कवायत चालू असताना मोजून बघायचो, कधी चुकलो नाही."

गेल्या वर्षीची दिवाळी म्हणजे फाल्गुनाच्या आधीची. मी ते मनात मोजलं. मोजायची मला सवयच होती. चार महिने आधीची.

मी झोपाळ्याची कडी धरली. "म्हणजे त्या दिवशी, शेट पहिल्यांदा आले तेव्हा, सत्तावन्न तुम्हांला ठाऊक होते?"

"होते."

"मग गड्याला परत का पाठवलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, असं बघितलं. मग शांतपणे, खरं तेच सांगायच्या त्यांच्या सवयीने म्हणाले, "मोजतो मीही, पण मागे तुझा आकडा आहे म्हटलं की बाकीच्या सातांना मन मोकळं राहतं. आठही मी एकटा धरू शकतो. पण मग संध्याकाळी डोकं दुखतं." कपाळ चोळत त्यांनी डोळे मिटले. "आज दुखतंय बघ. सुंठ उगाळून आण जरा."

मी आत गेले आणि सहाणेवर सुंठ उगाळली. का उगाळली ते मला आजही सांगता येणार नाही. हात आपोआप चालत होता. लेप वाटीत भरला, बाहेर आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "यापुढे घंटा तुमची तुम्ही मोजा." ते म्हणाले, "बरं." हट्ट केला नाही, कारणही विचारलं नाही.

शेटचं पत्र आलं नाही, पण रत्नागिरीत आणि आसपास यजमानांनी पुढे सहा-सात वर्षं प्रयोग केले. मी कुठेही गेले नाही. मी घरी बसायची, दुधाकडे लक्ष द्यायची. ते परत आले की पाय धुवायला पाणी द्यायची आणि एकच विचारायची, "घंटा बरोबर आल्या?" ते म्हणायचे, "आल्या." दर वेळी मी वाट बघायची, की एकदा तरी हा माणूस चुकून येईल आणि त्या दिवशी माझ्यावाचून त्याचं अडलं होतं असं मला धरून चालता येईल. ते एकदाही चुकले नाहीत.